कॉम्प्युटर आला, पण बिल कोण भरणार?

उमरेड म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक कऱ्हांडल्याचे वाघ आणि दुसरी कोळशाची खाण. मला मात्र आज तिसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, आपल्या आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांमधल्या कॉम्प्युटरबद्दल. गंमत म्हणजे हा विषय शेवटी फिरून त्या कोळशापाशीच येतो! कसा, ते सांगते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे तिसरीपासून कॉम्प्युटर लॅब होती. फीच्या पावतीवर 'कॉम्प्युटर फी' असा वेगळा रकाना असायचा आणि पप्पा दरवर्षी त्यावरून कुरकुर करायचे. 'दरवर्षी' हा शब्द लक्षात ठेवा, कारण या लेखाचं सगळं सार त्यातच आहे. आमच्या शाळेने कॉम्प्युटर एकदा घेतले असतील, पण बिघडलेला माऊस बदलणं, लाईट बिल, नेटचा खर्च आणि शिकवणाऱ्या मॅडमचा पगार हे सगळं त्या दरवर्षीच्या रकान्यातून चालायचं.

झेडपीच्या शाळेत असा रकाना नसतो, आणि नसावाच. तिथे शिकणं मोफत आहे, तो मुलांचा हक्क आहे. पण मग तो रकाना कुणी भरायचा? अर्थातच सरकारने, म्हणजे पर्यायाने तुम्ही-आम्ही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय कॉम्प्युटरवाचून? फळा-खडू आहेच की! अडतं, मित्रांनो. २०१९ पासून एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते. आपण सगळे याच दारातून आत आलो. फिजिक्सचा पेपर सगळ्यांना सारखाच कठीण असतो, पण ज्याने आयुष्यात चार वेळाच माऊस हातात धरला आहे त्याला गणित सोडवता सोडवता माऊसशीही झुंजावं लागतं. तो मुलगा हुशारीत कमी नसतो. त्याच्या शाळेला तो रकाना नव्हता, एवढंच!

देशाचे आकडे पाहू. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १०० पैकी जेमतेम ४ घरांत कॉम्प्युटर होता आणि साधारण १५ घरांत इंटरनेटची सोय. शहरात हेच आकडे २३ आणि ४२ होते. दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागला आणि शाळा मोबाईलवर आली. घरी एकच मोबाईल, तोही बाबांसोबत शेतावर किंवा कामावर गेलेला, आणि घरात शिकणारी भावंडं तीन... यातून जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात जे नाही ते निदान शाळेत तरी मिळावं, म्हणून सरकारी पैसा लागतो.

मग सरकार पैसा देत नाही का? देतं की! २००४ च्या डिसेंबरात केंद्राने 'आयसीटी अॅट स्कूल्स' ही योजना आणली. पुढे ती इतर योजनांत मिसळत २०१८ साली 'समग्र शिक्षा'मध्ये आली. यात साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. एका शाळेच्या लॅबसाठी एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत, आणि ती चालवायला वर्षाला २ लाख ४० हजारांपर्यंत, पाच वर्षं.

जरा इंजिनिअरसारखा हिशोब करा. पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च झाला १२ लाख. म्हणजे वस्तूच्या किमतीपेक्षा ती चालवण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट! ज्याने ही योजना आखली त्यालाही हे नक्की माहीत होतं, म्हणूनच तर त्याने ती तरतूद केली. प्रश्न एवढाच की सहाव्या वर्षी काय? आपल्या राज्यात पुष्कळ शाळांत 'बूट' पद्धत वापरली गेली. कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. करार संपला की शिकवणारा माणूस जातो, देखभाल जाते आणि मागे राहतात पाच वर्षं जुनी मशिन्स. आपल्या होस्टेलवर कूलरची एएमसी संपली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको!

दुसरी अडचण अशी की ही लॅब सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे. ज्या गावात चौथीपर्यंतचीच शाळा आहे, ती या रांगेत उभीच राहू शकत नाही. तिला समग्र शिक्षातून वार्षिक शाळा अनुदान मिळतं. २०२१ पासूनच्या टप्प्यात ३० पर्यंत पट असलेल्या शाळेसाठी ते वर्षाला १० हजार रुपये ठरलं. महिन्याला झाले साधारण ८३३ रुपये. त्यात खडू, डस्टर, झाडू, नळाची दुरुस्ती, सगळं आलं. आता सांगा, नेटचं रिचार्ज कशातून करायचं? २०२१-२२ च्या सुमारास तर बिल थकल्यामुळे राज्यातल्या शाळांची वीजच कापल्याच्या बातम्या येत होत्या.

एनएसएसच्या कॅम्पला आम्ही एका गावी गेलो होतो. शाळेच्या एका खोलीला कुलूप होतं. विचारलं तर सरांनी चावी आणून उघडून दाखवलं. आत कॉम्प्युटरवर स्वच्छ धुतलेले कापडी कव्हर घातलेले, भिंतीवर 'संगणक कक्ष' असं सुंदर अक्षरात रंगवलेलं. मी विचारलं, "सर, चालू का नाही करत?" ते म्हणाले, "बाई, चालू केले तर बिघडतील. बिघडले तर दुरुस्त कोण करून देईल? म्हणून जपून ठेवले." मला आधी हसू आलं, पण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. वापरायला पैसे नसले की माणूस वस्तू वापरत नाही, जपतो. आमच्या आजीने नव्या कपबशा अशाच पंधरा वर्षं कपाटात ठेवल्या होत्या!

याचा अर्थ सगळीकडे अंधारच आहे असं मुळीच नाही. ठाणे जिल्ह्यातली शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची झेडपी शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातला निम्मा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकला. अशा लोकांबद्दल अभिमान वाटतोच.

पण लोकवर्गणीला एक मर्यादा आहे. ज्या गावात बागायती आहे, नोकरदार आहेत, तिथे महिन्याभरात लाख रुपये जमतात. ज्या गावात सगळे मजुरीला जातात तिथे कोण देणार? म्हणजे ज्याला जास्त गरज त्याला कमी! कंपन्यांच्या सीएसआरचंही तेच. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, पण कुठल्या शाळेत करायचे ते बव्हंशी कंपनीच ठरवते. समान संधी हवी असेल तर पैसा गरज मोजून वाटावा लागतो, आणि ते काम सरकारचंच आहे.

जगात हे कुणी केलंय का? अमेरिकेत १९९६ च्या टेलिकॉम कायद्यातून 'ई-रेट' नावाची योजना निघाली. शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत. किती, ते कशावरून ठरतं? शाळेतली किती मुलं गरीब घरातली म्हणून सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, यावरून! शाळा जितकी गरीब तितकी सवलत जास्त, आणि खेड्यातल्या शाळेला आणखी थोडी. पैसा टेलिफोन कंपन्यांकडून जमणाऱ्या फंडातून येतो.

दुसरं उदाहरण तर आपल्या घराजवळचं आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेचा पांढरा-हिरवा छोटा लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत आला होता. त्याच वर्षी तो दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशातही पोचला. उरुग्वेने मात्र त्यासाठी 'प्लॅन सेबाल' नावाची कायमची सरकारी व्यवस्था उभी केली, त्यात नेट आणि दुरुस्तीही धरली, आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांच्या हाती लॅपटॉप दिले. आपल्याकडे तो प्रयोगच राहिला. मशीन तेच, मुलंही तेवढीच हुशार. फरक पडला तो मागच्या व्यवस्थेचा.

आता येऊ कोळशाकडे. २०१५ मध्ये खाण कायद्यात बदल झाला आणि खाणी असलेल्या जिल्ह्यांत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' आलं. कल्पना साधी आहे. ज्यांच्या गावाखालून खनिज निघतं आणि ज्यांच्या अंगणात धूळ पडते, त्यांच्यासाठी खाणीने वेगळा पैसा ठेवायचा. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या लीजवर हा वाटा रॉयल्टीच्या ३० टक्के. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. समजा, कोळसा टनाला २००० रुपये आहे. रॉयल्टी झाली २८० रुपये आणि प्रतिष्ठानचा वाटा ८४ रुपये. दहा लाख टन कोळसा निघाला तर ८ कोटी ४० लाख!

हा पैसा कशावर खर्चायचा, त्याचे केंद्राचे नियम आहेत. पाणी, आरोग्य, शिक्षण अशा महत्त्वाच्या कामांवर आधी किमान ६० टक्के होते, २०२४ च्या सुधारित नियमांत ते ७० टक्के झाले. शिक्षणाच्या यादीत ई-लर्निंगची सोय आहे आणि शिक्षक व मदतनीस नेमणंही आहे. म्हणजे वस्तूही आणि माणूसही! शिवाय खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतली गावं 'थेट बाधित' धरली जातात. नकाशावर उमरेडच्या खाणीभोवती कंपासने वर्तुळ काढून बघा, किती शाळा आत येतात ते.

म्हणजे तो रिकामा रकाना भरायची एक वाट आपल्या पायाखालीच आहे. पण ती आपोआप उघडत नाही, कुणीतरी मागावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तीच करते आणि अनुदानासाठी तो आराखडा आधार मानला जातो. त्या आराखड्यात नुसतं 'दहा कॉम्प्युटर हवेत' असं लिहिलं तर दहा कव्हरं धुवायची पाळी येईल. तिथे असं लिहायला हवं: दहा कॉम्प्युटर, त्यांचं दरवर्षीचं लाईट बिल, नेट, दुरुस्ती आणि एक शिकवणारा माणूस.

हे लिहून द्यायला आपण मदत करू शकतो की! एस्टिमेट काढणं हेच तर आपण इथे शिकतोय. यंदाच्या एनएसएस कॅम्पमध्ये झाडं लावू, रस्ते झाडू, ते तर करूच. सोबत एका शाळेच्या समितीजवळ बसून पाच वर्षांचा नाही, दहा वर्षांचा हिशोब मांडून देऊ. ज्यांना यायचं असेल त्यांनी गर्ल्स होस्टेलच्या नोटीस बोर्डवर नाव लिहावं. कॅल्क्युलेटर आपापला आणावा, बाप्पा!