सुताचे पाने आणि उंच बॉनेटची जीप

भंडारा जिल्ह्यात तुमसरहून सिहोऱ्यामार्गे येणारा रस्ता बपेरा या गावातून पुढे जातो, नदी ओलांडतो आणि मध्य प्रदेशात शिरतो. इथे एमएच-३६ आणि एमपी-५० या दोन्ही पाट्यांच्या गाड्या सारख्याच दिसतात, कारण सोयरीक दोन्ही तीरांवर आहे. या भागाने जीप पहिल्यांदा पाहिली ती सरकारची. हिवतापाची फवारणी, निवडणूक, जनगणना, साहेबांचा दौरा, सगळे जीपमधून आले. नंतर काळी-पिवळी आली आणि जीप माणसांची झाली. बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला, पायदानावर लटकूनसुद्धा लोक तिच्यातून गेले. आता काळी-पिवळीही विरळ झाली आहे. अशा गावात एका अंगणात, गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या छपराखाली, उंच बॉनेटची एक जुनी महिंद्र जीप उभी आहे आणि चालू आहे.

जुन्या मोटारींच्या छंदाबद्दल वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुधा मुंबईच्या रॅलीचे असते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, उद्योगपतींची गॅरेजे, चकाकणारे क्रोम. तेही खरे आहे, आणि त्या गाड्या सांभाळणाऱ्यांचे कष्ट मी कमी मानत नाही. जगभर या छंदात पोटाचा धंदा वेगळाच असलेली माणसे सापडतात. मिस्टर बीन म्हणून आपल्याला ठाऊक असलेले रोवान अ‍ॅटकिन्सन इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतलेले आहेत आणि मोटारींचे गाढे शौकीन आहेत. पण बपेऱ्यात जे पाहिले ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. इथल्या माणसांचा रोजचा धंदा छंदापासून वेगळा काढताच येत नाही. जीप चालू आहे ती त्यांच्या रोजच्या कामामुळे.

जीपचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. गाडी त्यांच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. मूळची ती सीजे-३बी. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ साली काढलेले हे मॉडेल आपल्याकडे महिंद्रने पुढे कितीतरी वर्षे बनवले. तिचे बॉनेट उंच का, याला साधे कारण आहे. आधीच्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला होते. या २१९९ सीसीच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर गेले, इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट उचलावे लागले. गुरुजींच्या जीपचे बॉनेट अजून उंचच आहे, पण आत ते इंजिन नाही. पेट्रोल परवडेना, तेव्हा वडिलांनी डिझेल इंजिन बसवून घेतले. त्या काळी विदर्भात कितीतरी पेट्रोल जीपचे असेच झाले.

हे डिझेल इंजिन कुठले, हे कळले की गावाची आणि गाडीची गाठ कशी पडली ते उलगडते. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन पुढे महिंद्रने जीपमध्येही दिले. सीजे-५००डी ती हीच. गुरुजींच्या बॉनेटखाली बसले आहे ते असेच इंजिन. म्हणजे आतला कारभार ट्रॅक्टरचा, आणि ट्रॅक्टरचा फिटर इथे कुठल्याही गावात मिळतो.

इथल्या फिटरला सगळे मिस्त्री म्हणतात. हंगामात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. चिखलणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत ट्रॅक्टर बंद पडला तर पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपे, वाट पाहत नाहीत. म्हणून जीपचे मोठे काम निघते ते उन्हाळ्यात, रोवणीच्या आधी, नाहीतर धान चुरून झाल्यावर. मी त्याला काम करताना पाहिले तेव्हा डिझेलच्या लाइनने हवा घेतली होती. इंजिन दोन ठोके देऊन गप्प होत होते. गुरुजी काळजीत. मिस्त्री शांतपणे म्हणाला, “गुरुजी, हे तं ट्रॅक्टरच आहे जी. हवा निंगाली का चालू होते.”

मग त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्याने वर-खाली करू लागला. आधी नुसता फेस आला. फेसात बुडबुडे मोठे होते, मग बारीक झाले, मग डिझेल अखंड धारेने आले. धार येत असतानाच त्याने स्क्रू आवळला, हात थांबवून नाही. हे बारकावे कुठे लिहिलेले नसतात. धार थांबल्यावर आवळले तर हवा परत आत जाते. पुढे पंपावर तेच, आणि शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटांवर. नट खोलायला त्याने मागितला ‘पाच सुताचा पाना’. नव्या गॅरेजात मिलिमीटरचे पाने असतात. या जुन्या इंजिनाचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, आणि मिस्त्रीच्या तोंडी इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने लावला तर नटाचे कोपरे जातात आणि मग छिन्नी लावावी लागते. मिस्त्रीच्या पेटीत सुताचे पाने वेगळ्या गोणपाटात गुंडाळलेले असतात. ते त्याच्या वस्तादाचे.

इंजिन चालू झाले, पण काम संपले नाही. आता बोलावणे गेले राइस मिलच्या ऑपरेटरला. भंडारा हा धानाचा जिल्हा, मिल गावोगावी. या गृहस्थांचा दिवस हलर, एलेव्हेटर आणि पट्ट्यांच्या गडगडाटात जातो, आणि त्या गडगडाटात कुठले बेअरिंग जायला आले आहे ते ऐकणे हे त्यांचे काम. मिलमध्ये ते लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात, दुसरे कानामागच्या हाडाला. जीपपाशी त्यांनी लांब पेचकस घेतला. वॉटर पंप, डायनॅमो, टायमिंगचे झाकण, टॅपेटचे झाकण, एकेका जागी टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मलाही ऐकायला दिले. वॉटर पंपावर एकसारखी घरघर होती. टॅपेटच्या झाकणावर टकटक होती, आणि चारांपैकी एका जागी ती अधिक कोरडी वाटत होती. मी हे सांगितल्यावर ते इतकेच म्हणाले, “तिसरा. पण गरम होऊ द्या, मंग आयका.” इंजिन तापले, धातू प्रसरण पावला, आणि कोरडी टकटक तरीही राहिली. तेव्हाच मिस्त्रीने झाकण काढले आणि फिलर गेज घेतले. पाते रॉकर आणि व्हॉल्व्हचे टोक यांच्या मधून किंचित अडखळत सरकले पाहिजे. सैल गेले तर आवाज, अडकले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. ऑपरेटरांनी सांगितलेल्या तिसऱ्यालाच फट जास्त निघाली.

मोटारींवर मी बरेच वाचले आहे. कानाने केलेले असे निदान इतक्या जवळून पाहण्याचा योग मात्र बपेऱ्यातच आला.

रेडिएटरची गोष्ट वेगळी. जुन्या जीपचा रेडिएटर पितळ-तांब्याचा असतो, आजच्यासारखा अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचा नाही. गळला तर तो झाळता येतो. आणि भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव. गुरुजींनी रेडिएटर नेला तो कल्हई करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे. त्यांनी आधी तो हौदात बुडवला, एका नळीने आत हवा फुंकली, आणि बुडबुडे येतील तिथे खडूने खुणा केल्या. मग जागा घासून चकचकीत केली, नवसागर टाकला, धूर उठला, कथील पातळ होऊन सांध्यात ओढले गेले. घरोघरी स्टील आले तशी कल्हई मागणारी घरे कमी झाली. आता त्यांचे हात चालतात ते देवळातल्या समया, लग्नाची हंडी-गुंडी आणि असे एखादे रेडिएटर यांवर. काम देताना त्यांनी गुरुजींना बजावले की खारे पाणी घालू नका, आणि पैसे सांगितले ते एका हंडीचे.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. हूड शिवले ते मंडप-डेकोरेशनवाल्याच्या शिंप्याने, तंबूच्या जाड सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने, दुहेरी टाक्यात. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक काका दर काही आठवड्यांनी येऊन किंगपिन, शॅकलचे बुश आणि पाटे तपासतात. बिघाड होण्याआधी बघायचे, ही डॉकिंगची सवय त्यांच्या अंगातून गेलेली नाही. आणि गावचे एक जावई गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात आहेत, जिथे गिअरबॉक्स बनतात. ते सुट्टीला सासुरवाडीला आले की पोरांना गोळा करून या जीपच्या पहिल्या गिअरला सिंक्रो का नाही, आणि चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा का दाबायचा, हे शिकवतात. शिकणाऱ्यांत गुरुजींची मुलगीही होती. डबल क्लच तिलाच सर्वांत आधी जमला.

गुरुजींचे स्वतःचे काम कागदाचे. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर ज्या हाताने भरतात त्याच अक्षरात जीपची वही आहे. तारीख, किलोमीटर, काय काढले, काय घातले, कोणी केले. आरसी बुकावर इंजिन बदलल्याची आरटीओची नोंद आहे, तिची छायाप्रत वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली.

आणि इथेच खरी अडचण उभी राहते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नको.

मूळ वस्तू मूळ राहावी, हा विचार मला मान्य आहे. पण या अटीत बपेऱ्याची जीप बसत नाही. जिने डिझेल इंजिन घेतले म्हणून ती जगली, तिला त्याच कारणाने व्हिंटेज म्हणता येत नाही. दुसरीकडे साधी नोंदणी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हरित कर, आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. तरीही गुरुजी ते भरतात, कारण जीप धानाची पोती, खत आणि आजारी माणूस नेते. ती शोभेची नाही.

एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या भंगारात काढण्याचे धोरण लागू झाले. प्रदूषणाच्या दृष्टीने त्याला कारण आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळेच थांबली. परंतु तहसील, वनखाते, पंचायत समिती यांच्या जीप पूर्वी लिलावात निघत आणि गावात येत. गुरुजींच्या वडिलांची जीप तशीच आली होती. ती वाट आता बंद झाली. जे आहे तेवढेच उरले आहे.

म्हणून परिवहन खात्याकडे मागणी एवढीच: ज्या जुन्या गाडीतला इंजिनबदल आरटीओच्या नोंदीनुसार झाला आहे आणि त्यालाही काही दशके उलटली आहेत, तिच्यासाठी व्हिंटेज नियमांत स्वतंत्र वर्ग करावा. गावाने दुरुस्त करत जगवलेली गाडीही या देशाच्या मोटारींचा इतिहास आहे.

आणि वाचकांना विनंती. तुमच्या गोठ्यात, वाड्यात, सासऱ्यांच्या मळ्यात जुनी जीप, फियाट किंवा राजदूत पडून असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचे आरसी बुक शोधा. चासीवरचा क्रमांक घासून वाचा, तो बुकाशी ताडून पाहा, पहिल्या नोंदणीची तारीख लिहून ठेवा. नोंदणी रद्द झाली नसेल तर नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. इंजिन नंतरही बांधता येते. त्यासाठी लागणारा मिस्त्री तुमच्याच गावात ट्रॅक्टर दुरुस्त करत असेल, त्याला आधी विचारा.