काळे अक्षर काळे का उमटत नाही?
बिलाच्या छपाईविषयी व्यापारी बांधवांसाठी दोन शब्द

ईदच्या सुट्टीनंतर आम्ही कल्याणचे दुकान आठ दिवसांनी उघडले आणि पहिलेच बिल हिरवट छापून आले. गिऱ्हाईकाच्या मुनीमजींनी ते परत पाठवले. त्यांचे म्हणणे असे की ही झेरॉक्स आहे, असल बिल द्या. असल बिल तेच होते! दुकानातील मुलाने शाई संपली असेल असे समजून प्रिंटरची सफाई सात वेळा चालवली. काळ्या शाईची टाकी तर काठोकाठ भरलेली होती. मग दोष कोठे होता?

तो समजण्यासाठी प्रथम हे यंत्र समजून घेऊ. रंगीत इंकजेटमध्ये साधारणपणे चार शाया असतात: निळसर (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी. केसापेक्षा बारीक छिद्रांतून त्यांचे थेंब कागदावर उडतात. काळे अक्षर दोन प्रकारे उमटते. एक तर थेट काळ्या शाईने, नाही तर तीन रंग एकत्र करून. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे सांगायला नको. डोंबिवलीच्या डाइंगवाल्याकडे तीन रंगांतून काळा बांधला आणि एक रंग कमी पडला, तर ठाण तांबूस किंवा हिरवट मारते. प्रिंटरचेही तसेच आहे. सायन कमी पडल्यास काळा तांबूस मारतो, मॅजेंटा कमी पडल्यास हिरवट, आणि पिवळा कमी पडल्यास निळा-जांभळा.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. सुट्टीपूर्वी कोणीतरी फोटो छापला आणि कागदाचा प्रकार ‘फोटो’ असाच राहिला. अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे तिच्यात रंगाचे बारीक कण असतात. ती चकचकीत कागदावर धरत नाही, म्हणून यंत्र तिला बाजूला ठेवून तीन रंगांतून काळा बनवते. त्यात मॅजेंटा तळाशी गेलेला होता आणि सात सफायांनी उरलासुरलाही संपवला, कारण प्रत्येक सफाईत शाई खर्च होते. म्हणजे रोग एकीकडे आणि इलाज दुसरीकडे!

म्हणून तपासणी क्रमाने करावी.

१) प्रिंटरच्याच बटनावरून एक काळी कॉपी काढावी. ती चांगली आली तर यंत्र बहुधा ठीक आहे, दोष संगणकाच्या सेटिंगमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. कागदाचा प्रकार ‘प्लेन’ करावा, ‘ग्रेस्केल’ किंवा ‘फक्त काळा’ निवडावे, आणि अक्षरांचा रंग खरोखर काळाच आहे ना, गडद राखाडी नाही ना, हे पाहावे.

२) कॉपीही खराब आली तर ‘नोझल चेक’चा नमुना छापावा. त्यात ज्या रंगाच्या रेघा तुटलेल्या, त्याच रंगाची छिद्रे बंद आहेत किंवा ती शाई संपली आहे. छिद्र बंद असले की आडवी पांढरी रेघ पडते. त्यात मराठीची शिरोरेषा जाते, उर्दूचे नुक्ते जातात आणि आकड्यातील ८ चा ३ वाटू लागतो (इंग्रजी आकड्यांत हा धोका जास्त). व्यापाऱ्याला हे परवडणारे नाही.

३) शाई असूनही रेघा तुटल्या असतील तर सफाई दोन-तीन वेळाच करावी. तरी फरक नसेल तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा नमुना छापावा. ज्यात हेड काडतुसावरच असते, तेथे धागा न सोडणारा मलमलचा तुकडा कोमट पाण्यात ओला करून छिद्रांवर हलकेच दाबावा. तांब्याच्या पट्ट्यांना मात्र हात लावू नये. हेड यंत्रातच बसवलेले असेल तर कारागिराला बोलवावे.

४) अक्षरे दुहेरी दिसत असतील तर तो शाईचा दोष नाही, ‘हेड अलाइनमेंट’ करावे.

आता हा त्रास होऊच नये म्हणून. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने बंद करू नये, त्याच्या स्वतःच्या बटनाने करावा, म्हणजे हेड आपल्या जागी जाऊन झाकले जाते आणि सुकत नाही. आठवड्यातून एक रंगीत पान अवश्य छापावे. टाकीत भलतीच शाई ओतू नये, कारण डाय आणि पिगमेंट एकत्र झाल्यास नळ्या चोंदू शकतात. शाई कोणती आहे हे पाहायचे असेल तर वाळलेल्या छपाईवर ओले बोट फिरवावे. डायची शाई पसरते, पिगमेंटची सहसा टिकते. पावसाळ्यात टेम्पोवाल्याच्या खिशात बिल भिजते, तेव्हा हा फरक कळतो.

जीएसटीमध्ये मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: खरेदीदाराची, वाहतूकदाराची आणि आपली. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना, व्यापारी ते व्यापारी व्यवहारात, ई-इनव्हॉइस व त्यावरील क्यूआर कोड बंधनकारक झाला. तुटक किंवा फिका कोड मोबाइलने वाचला जाईलच असे नाही, आणि माल रस्त्यात असताना वाद कोणालाच नको असतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असा हुकूम सूरह बकरहच्या २८२व्या आयतीत आहे. लिहिलेले वाचताच आले नाही तर लिहिण्याचा उपयोग काय? आमचे हिरवट बिल सेटिंग बदलून, नवा मॅजेंटा न घेताच, पाच मिनिटांत काळेभोर छापून आले. मुनीमजींनी ते मुकाट्याने ठेवून घेतले.