सत्तर किलोंचं पाण्यातलं गणित

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडच्या पॉल ओडोनोव्हन आणि फिंटन मॅकार्थी यांनी रोइंगमधलं लाइटवेट डबल स्कल्सचं, म्हणजे हलक्या वजनाच्या दोघांच्या नावेचं, सुवर्ण सलग दुसऱ्यांदा जिंकलं आणि तिथेच हा वजनगट ऑलिंपिकमधून संपला. ओडोनोव्हनने २०१६ मध्ये रिओला भाऊ गॅरीसोबत आयर्लंडला रोइंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. या गटात पुरुषाचं वजन ७२.५ किलोंपेक्षा जास्त चालत नसे आणि जोडीची सरासरी ७० किलोंच्या आत लागे. खुल्या गटात नव्वद किलोंचे खेळाडू सर्रास दिसतात. अशा हलक्या शरीरासाठी वेगळा गट हवाच, असं पाण्याचं भौतिकशास्त्र सांगतं.

जड माणूस नावेत बसला की नाव जास्त बुडते आणि पाण्याशी होणारं घर्षण वाढतं. पण नावेचा ओला पृष्ठभाग वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कमी वाढतो. स्नायूंची ताकद मात्र जवळपास वजनाइतकीच वाढते असं धरलं, तर नव्वद किलोंचा खेळाडू सत्तरवाल्यापेक्षा तीनेक टक्केच वेगवान ठरतो, कारण वेग थोडा वाढवायलाही शक्ती त्याच्या घनाच्या पटीत लागते. प्रत्यक्षातला फरक याहूनही कमी दिसतो. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ओडोनोव्हन-मॅकार्थी जोडीने २००० मीटर अंतर ६ मिनिटं ५.३३ सेकंदांत कापलं; क्रोएशियाच्या सिंकोविच बंधूंनी २०१४ मध्ये खुल्या गटात ५ मिनिटं ५९.७२ सेकंद नोंदवले होते. दिवस वेगळे, वारा वेगळा, म्हणून तुलना जपूनच करावी. तरी दीड टक्क्याचा हा फरक अंतिम रेषेवर तीसेक मीटरचा होतो, म्हणजे नावेच्या तीन लांब्या. कौशल्यात काडीचीही कमतरता नसताना पदक हुकवायला एवढं पुरे.

बास्केटबॉलमध्ये उंचीचे गट नाहीत, मग इथे वजनाचे कशाला, असं विचारलं जातं. पण बास्केटबॉलमध्ये बुटका खेळाडू चपळाईने वेगळी भूमिका निभावतो; सरळ रेषेतल्या शर्यतीत दुसरी भूमिकाच नसते. वजन उतरवण्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे. शर्यतीच्या एक ते दोन तास आधी वजन होतं, आणि त्यासाठी घाम गाळून पाणी कमी केलं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयावर ताण येतो. यावर उपाय आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल वजन उतरवताना दगावले, तेव्हा तिथे गट रद्द झाले नाहीत. शरीरातल्या पाण्याची तपासणी सक्तीची झाली.

भारताचा याच्याशी थेट संबंध आहे. पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये घडलेले अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग याच गटात टोकियोत अकरावे आले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्य जिंकलं. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये लाइटवेटची जागा समुद्रकिनाऱ्यावरच्या बीच स्प्रिंटने घेतली आहे. तिथली एकट्याची नाव किमान ३५ किलोंची असते, नेहमीची १४ किलोंची. सत्तर किलोंच्या खेळाडूला म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्मा भार ओढावा लागेल, नव्वदवाल्याला चाळीस टक्क्यांहूनही कमी.