साहेबाची शाबासकी

१२ जुलै २०२५ ची सकाळ. शिरपुरातल्या आमच्या कॉलेजात वर्गात शिरलो, तो मुले मोबाइलभोवती गोळा झालेली. आदल्याच दिवशी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला होता. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी.

"सर, आता जगानं मानलं!" एक विद्यार्थी म्हणाला.

आनंद मलाही झाला होता. पण मास्तरकीची खोड जाते थोडीच! मी विचारले, "या बारांत आपल्याला सर्वांत जवळचा कोणता?" वर्ग चिडीचूप. साल्हेरचे नाव शेवटी मलाच सांगावे लागले.

धुळ्यावरून सटाण्याला जावे, तिथून पुढे बागलाणच्या डोंगरांत साल्हेर उभा आहे. उंची पाच हजार फुटांहून अधिक. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी इथेच उघड्या मैदानावर मोगलांच्या फौजेची दाणादाण उडवली. तरी पॅरिसचा शिक्का उमटेपर्यंत आमच्या मुलांना तो आठवू नये!

पण मुलांना कोणत्या तोंडाने बोलू? काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका चर्चासत्रात एक जर्मन विदुषी भेटल्या. मराठी अस्खलित. मी शिरपूरचा म्हणताच त्यांनी विचारले, "म्हणजे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात तुमचं नेहमीच जाणं होत असेल?" मी मान हलवली. होकारार्थी! वास्तविक लग्नाकार्याला, दवाखान्याला, बस्त्याला मी शेकडो वेळा धुळ्याला गेलो होतो. पण त्या वास्तूची पायरी चढलो नव्हतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

मनाला लागले. पुढच्याच आठवड्यात धुळे गाठले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड सिद्ध केले. पहिला खंड १८९८ चा. माणूस बी. ए. झालेला, इंग्रजीत लिहिता, तर साहेबाच्या दरबारी मान मिळता. पण ते हट्टाने मराठीतच लिहीत राहिले. १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. कुणाच्या शाबासकीसाठी न थांबलेल्या त्या माणसाचे लेखन वाचायला जर्मनीतली एक बाई मराठी शिकली होती!

भारावून परतलो आणि वर्गात सांगू लागलो. तोंडून पहिले वाक्य कोणते निघाले? "अरे, जर्मनीचे विद्वानसुद्धा राजवाड्यांना मानतात!" म्हणजे खुद्द राजवाड्यांनाही मी साहेबाची शिफारसचिठ्ठी जोडली होती.

परक्याने वाखाणले, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा महाराष्ट्राची मान उंचावलीच. पण तोवर मराठी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. घरात आधी पारख झाली होती. बाहेरची शाबासकी मागून आली. हा क्रम उलटला, की आपली वस्तू आपल्याला दिसेनाशी होते. आज पॅरिसने यादीत घेतले म्हणून आपण नाचणार. उद्या त्याच यादीतून वगळले, तर साल्हेर काय बोटभर खचणार आहे?

या दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन साल्हेर चढायचे ठरवले आहे. वाटेत धुळ्याला उतरून राजवाड्यांची दप्तरेही दाखवायची. पुन्हा कधी त्या जर्मन बाई भेटल्या, तर आता मान खऱ्याने हलवता येईल, असा विचार हे लिहिताना मनात आलाच!

खोड जुनी आहे. ती पायपिटीनेच जाईल.