एकटीच्या सुट्टीचे नियोजन : दादर स्थानकापासून कोकण किनाऱ्यापर्यंत

एकटीने केलेला प्रवास आणि एकटीने घेतलेली सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांमध्ये हा फरक विशेष जाणवतो. या भागातील स्त्री नोकरीसाठी, बाजारहाटासाठी, मुलांच्या शाळेसाठी आणि केईएम रुग्णालयाच्या फेऱ्यांसाठी रोज एकटीच घराबाहेर पडते. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाते, लग्नकार्याला, माहेरपणाला, देवदर्शनाला जाते. मात्र या प्रत्येक जाण्यामागे चारचौघांत सांगता येईल असे काही कारण असते. कोणाचेही काम नसताना, केवळ स्वतःला विसावा मिळावा म्हणून तीन-चार दिवस परगावी जाऊन राहणे हे पुरेसे कारण मानले जात नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या संशोधकांनी मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाय लॉइटर?’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला आहे : स्त्रीला घराबाहेर असताना आपण कोणत्या तरी कामासाठी बाहेर आहोत हे सतत दाखवत राहावे लागते, आणि निष्कारण रेंगाळण्याची मुभा पुरुषाला जितकी सहज मिळते तितकी तिला मिळत नाही. एकटीच्या सुट्टीपुढची पहिली अडचण म्हणूनच गाडीच्या किंवा हॉटेलच्या आरक्षणाची नसते. आपल्याला सुट्टी हवी आहे हे घरात स्पष्टपणे सांगण्याची असते.

मराठी स्त्रियांच्या प्रवासाचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवातही सबळ कारणांपासूनच झाली. वैद्यकीय शिक्षणासाठी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्यासोबत पती नव्हते. मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी समुद्रप्रवास केला. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे जवळजवळ तीन वर्षे तो देश हिंडल्या, ठिकठिकाणी व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी निधी उभारला आणि जपानमार्गे परत येऊन मार्च १८८९ मध्ये गिरगावात शारदासदन सुरू केले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिले. पाहण्याच्या, समजून घेण्याच्या निखळ ओढीने केलेला प्रवास मराठीत ठळकपणे दिसू लागला तो बऱ्याच नंतर, आणि त्यात लंडनवासी भूलतज्ज्ञ मीना प्रभु यांचे नाव अग्रभागी येते. ‘दक्षिणरंग’, ‘गाथा इराणी’, ‘तुर्कनामा’ या पुस्तकांमुळे एकट्या स्त्रीने दूरदेशी हिंडावे ही कल्पना मध्यमवर्गीय वाचक घरांत पोहोचली. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मुंबईच्या संस्थांनी स्त्रियांसाठी काढलेल्या खास सहलींनी हजारो जणींना घराबाहेरचे पहिले पाऊल टाकायला मदत केली. परंतु तेथे उठण्याची वेळ, जेवण आणि ठिकाणे दुसऱ्याने ठरवलेली असतात, तर एकटीच्या सुट्टीत हे सारे निर्णय स्वतःकडे येतात. तिचा आनंद आणि तिची जबाबदारी दोन्ही त्यातच आहेत.

या जबाबदारीसाठी लागणारे बरेचसे शिक्षण मुंबईच्या स्त्रीला लोकलच्या महिला डब्याने आधीच दिलेले असते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली ‘लेडीज स्पेशल’ धावली, त्याच्या कितीतरी आधीपासून या डब्यांत स्त्रिया गर्दीचा अंदाज घेणे, नको असलेली सलगी वेळीच तोडणे, पर्स पुढे धरणे, अनोळखी बाईकडे नि:संकोच मदत मागणे आणि संकटात एकमेकींसाठी आवाज उठवणे शिकत आल्या आहेत. मात्र हे कौशल्य गर्दीच्या शहरात घडलेले आहे आणि त्याचा मोठा आधार म्हणजे रात्री अकरालाही दादरच्या पुलावर माणसे असतात हा आहे. लहान गावात संध्याकाळी सातनंतर रस्ता निर्मनुष्य होतो, शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि रिक्षा मिळत नाही. अशा वेळी मुंबईच्या सवयीने वागणे चुकीचे ठरते. सुरक्षिततेच्या नियोजनाचे मर्म या फरकात आहे.

त्यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की मुक्कामाच्या ठिकाणी उजेडात पोहोचावे, आणि गाडी निवडताना भाड्यापेक्षा पोहोचण्याच्या वेळेला अधिक महत्त्व द्यावे. कोकण रेल्वेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण तिची पुष्कळशी स्थानके गावापासून दूर आहेत. रत्नागिरीचे स्थानक शहराबाहेर आहे, सावंतवाडी रोडही तसेच, आणि गाडी आल्यावर ज्या रिक्षा उभ्या असतात त्या गेल्या की पुढची गाडी येईपर्यंत फलाट ओस पडतो. या दृष्टीने दादरहून मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी सुटणारी तुतारी एक्सप्रेस सोयीची ठरते. ती सकाळी रत्नागिरीला आणि दुपारच्या सुमारास सावंतवाडीला पोहोचते, त्यामुळे पुढच्या एसटीसाठी किंवा रिक्षासाठी सबंध दिवस हाताशी राहतो. मात्र गाडी बारा वाजून गेल्यावर सुटत असल्याने तिकिटावरची तारीख पुढच्या दिवसाची असते, आणि शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्या बाईने शनिवारचे तिकीट काढायचे असते, हे आरक्षण करताना पक्के लक्षात ठेवावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात पोहोचण्याची वेळ नव्याने तपासावी लागते.

रेल्वेने एकट्या स्त्रीसाठी केलेल्या काही तरतुदी फारशा माहीत नसतात. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या शयनयान वर्गात स्त्रियांसाठी सहा जागांचा राखीव कोटा असतो, आणि सर्वसाधारण आरक्षण संपलेले असतानाही तेथे जागा मिळण्याची शक्यता असते. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालची जागा देण्यासाठी वेगळा कोटा आहे. ऑक्टोबर २०२० पासून सर्व विभागांत सुरू झालेल्या ‘मेरी सहेली’ उपक्रमात रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला कर्मचारी, सुटण्याच्या स्थानकावर एकट्या प्रवासिनींना भेटून त्यांचा डबा व आसनक्रमांक टिपून घेतात आणि वाटेतल्या स्थानकांवरील सहकाऱ्यांना कळवतात. रेल्वे अधिनियम १९८९ मधील कलम १३९ हे वैध तिकीट नसलेल्या प्रवाशाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार देते, पण सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला केवळ दिवसा, आणि तेही तिने प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, अंतिम स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्यालय येथेच उतरवता येते, अशी मर्यादा घालते. तिकीट हरवले किंवा चुकीच्या तारखेचे निघाले तरी रात्री आडस्थानकावर उतरवले जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, हे जाणून असलेली स्त्री तपासनिसाशी अधिक शांतपणे बोलू शकते.

निवासाची निवड हा नियोजनाचा दुसरा, आणि कदाचित सर्वाधिक वेळ देण्याजोगा, भाग होय. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची गणपतीपुळे, तारकर्ली येथील निवासस्थाने परिचित आहेत. त्याखेरीज ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदलेली घरे आहेत, म्हणजे स्थानिक कुटुंब आपल्या घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि सकाळचा नाश्ता पुरवते. घरात आजी, सून, मुले असतील तर एकट्या स्त्रीला असे घर मोठ्या हॉटेलपेक्षा अनेकदा आश्वासक वाटते, शिवाय गावातला कोणता रस्ता संध्याकाळी टाळावा आणि कोणत्या रिक्षावाल्याला बोलवावे हे घरच्या बायकांइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही. आरक्षणाआधी प्रत्यक्ष फोन करून काही गोष्टी विचाराव्यात : खोलीला आतून कडी आहे का, स्वच्छतागृह खोलीला जोडलेले आहे का, रात्री तेथे कोण असते, बसथांब्यापासून चालत किती वेळ लागतो, आणि रात्रीचे जेवण तेथेच मिळते का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी अंधारात जेवणासाठी बाहेर पडावे लागणार की नाही हे त्यावरच ठरते. फोनवर मिळणाऱ्या उत्तरांतील स्वरही ऐकावा, “एकट्याच येणार? मिस्टर नाहीत का?” या प्रश्नात कुतूहल असेल तर काळजीचे कारण नाही, पण त्यात अडवणूक किंवा सलगी जाणवली तर ती जागा सोडून द्यावी. काही देवस्थानांच्या भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला खोली न देण्याचा नियम असतो आणि तो तेथे पोहोचल्यावर कळला तर फार पंचाईत होते, म्हणून त्याची चौकशी मुंबईतूनच करावी. ओळखपत्र म्हणून आधारचे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी प्रत, म्हणजे ‘मास्क्ड आधार’, देता येते.

घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा हा प्रश्न नाजूक आहे, कारण काळजी आणि पाळत यांच्यातील रेघ घरोघरी निराळी असते. दर तासाला फोन करण्याचे वचन दिले की ते मोडते, आणि मोडले की घरात घबराट होते. कोकण रेल्वेच्या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आहेत, त्यांपैकी रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे, आणि या टापूत फोन वारंवार तुटतो. सासूबाईंना किंवा आईला हे आधी सांगून ठेवले नाही तर एका न लागलेल्या फोनने साऱ्या चाळीला घोर लागतो. त्यापेक्षा दिवसातून दोन ठरावीक वेळा संदेश पाठवावा, गाडी, निवास आणि परतीचा तपशील एका कागदावर लिहून घरी ठेवावा, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती तासांनी कोणाला फोन करायचा हेही त्यावर नोंदवावे. आपले चालू ठिकाण फोनवरून दाखवण्याची सोय एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीपुरती मर्यादित ठेवावी. सहलीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायची असल्यास ते ठिकाण सोडल्यानंतर टाकणे शहाणपणाचे ठरते.

कायद्याची थोडी माहिती जवळ असावी. ११२ हा सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीचा, १३९ हा रेल्वेचा आणि १८१ हा स्त्रियांसाठीचा मदत क्रमांक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. मालवणात घडलेल्या प्रसंगाची तक्रार दादरला परत येऊनही नोंदवता येते, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

ज्यांनी असा प्रवास कधीच केलेला नाही त्यांनी आधी माथेरान निवडावे. दादरहून कर्जत लोकलने नेरळ, तेथून १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी किंवा दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, आणि पुढे मोटारींना बंदी असलेले तांबड्या मातीचे रस्ते. एक रात्र राहून पाहण्यास आणि न जमल्यास दोन-तीन तासांत घरी परतण्यास इतके जवळचे दुसरे ठिकाण नाही. पहिल्या संध्याकाळी बहुतेकींना एक विचित्र रितेपण जाणवते, जेवणाच्या टेबलावर एकटे बसताना सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते, आणि कोणासाठी काही करायचे नाही या मोकळेपणाची सवय नसल्याने हात अवघडतात. हे स्वाभाविक आहे, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते बरेच ओसरते. म्हणून एका रात्रीवरून मत बनवू नये. ठिकाणांची लांबलचक यादी करण्याचा मोहही आवरावा, निदान एक अर्धा दिवस पूर्ण रिकामा ठेवावा, आणि पुस्तक, विणकाम, चित्रवही असे घरी ज्याला वेळ मिळत नाही ते सोबत न्यावे. पुढे किनारा निवडला तर हे लक्षात ठेवावे, की गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला शांत असला तरी पोहण्यास धोक्याचा आहे. पाण्यात उतरायचे तर गावकऱ्यांना विचारून, घोट्यापर्यंतच, आणि एकटीने मुळीच नाही.

एकटीच्या सुट्टीचा खर्च माणशी जास्त पडतो, कारण खोलीचे भाडे वाटून घ्यायला कोणी नसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्याने परळ किंवा मुंबई सेंट्रलहून निघणारी बस हा त्यावरचा मोठा दिलासा आहे, आणि भिशीचा एखादा हप्ता केवळ यासाठी बाजूला काढणाऱ्या स्त्रिया आपला बेत कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून ठेवत नाहीत. डोंगरात आणि किनाऱ्यावर नेटवर्क नसेल तर यूपीआय चालत नाही, म्हणून रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवावी. गिरगावकर स्त्रीला विमानाने दूर जायचे असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो थेट विमानतळावर नेते, पण ती रात्री बंद असते, त्यामुळे भल्या पहाटेचे विमान टाळणे बरे.

राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ या नावाने स्त्रीकेंद्रित पर्यटन धोरण आणले, आणि पर्यटन व्यवसायात उतरणाऱ्या स्त्रियांना कर्जाच्या व्याजात सवलत देण्याची तरतूद त्यात आहे. स्त्रियांनी चालवलेली निवासस्थाने वाढली तर एकट्या प्रवासिनीला त्याचा थेट लाभ होईल. तरीही तालुक्याच्या एसटी स्थानकावर कडी लागणारे, पाणी असलेले, दिवा चालू असलेले स्वच्छतागृह नसेल तर पाळीच्या दिवसांत किंवा लांबच्या प्रवासात स्त्रिया पाणी पिणेच टाळतात, आणि त्याचा त्रास शरीराला भोगावा लागतो. ही सुविधा पर्यटनाच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक निकडीची आहे, आणि ती मिळेपर्यंत वाटेतले थांबे निवडताना रेल्वे स्थानक, मोठे उपाहारगृह किंवा पेट्रोलपंप यांचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

कोकणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळाव्यात, कारण तेव्हा खोल्या महाग असतात आणि गाड्या भरलेल्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते; जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी निघायचे असेल तर दिवाळीचा फराळ संपतासंपता घरात विषय काढावा आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट काढून टाकावे.