सातपूरच्या वाटेवरचे जासूद

पेठ-सुरगाण्याकडे ज्यांनीं बोहाडा पाहिला आहे त्यांना सोंग म्हणजे काय हें सांगावं लागत नाहीं. मुखवटा चढला, संबळ वाजला, कीं काल नांगर धरणारा गडी आज रावण होतो, आणि सारा गांव तें मान्य करतो. आज ज्या खेळाची ओळख करून द्यायची आहे, तो असाच सोंगाचा खेळ आहे, पण बैठा. त्याला मुखवटा लागत नाहीं, पाठ केलेलं भाषण लागत नाहीं. पांच-सहा जणांनीं सतरंजीवर गोल करून बसायचं. एक जण सूत्रधार. बाकीच्यांनीं एकेक पात्र घ्यायचं. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "बोला, आतां तुम्ही काय करतां?" मिळालेल्या उत्तरावर गोष्ट पुढं चालते.

युरोपांत प्रशियाच्या सैन्यांतले अधिकारी १८२४ सालापासून नकाशावर लढाईचा सराव करीत आणि एक पंच निकाल सांगे. पुढं १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनीं त्यांतून पात्रांचा खेळ काढला. तो जगभर पसरला. आपल्याला मात्र राक्षस आणि भुयारं आणायला परदेशीं जायला नको. हेर, वेशांतर, अंगारा, अफवा, सगळं आपल्या नाशिकच्या मातींत आहे. गरज आहे ती एका खऱ्या प्रसंगाची.

तो प्रसंग असा. १६७० च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभीं शिवाजीमहाराजांनीं दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि ते बागलाणांतून परत निघाले. लूट कोंकणांत सुखरूप उतरवायची होती. त्यांना अडवायला मोंगलांचा सरदार दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपुराहून चांदवडला येऊन पोंचला. मध्यरात्रीं त्याच्या हेरांनीं खबर आणली, कीं मराठे कांचना घाट उतरून नाशिकच्या वाटेला लागले आहेत आणि कांहीं फौज घाट राखून मागं उभी आहे. खबर खरी होती. दाऊदखान तसाच निघाला. कार्तिकांतलं चांदणं मावळलं, अंधारांत फौज पांगली. आघाडीवरच्या इखलासखान मियानानं समोर मराठे पाहिले, आणि मागचं सैन्य येण्याची वाट न बघतां त्यानं घोडा घातला. तो जखमी होऊन पडला. १७ ऑक्टोबरची ही वणी-दिंडोरीची लढाई. मोंगलांची पुष्कळ हानि झाली, आणि लूट कोंकणांत गेली. त्याच महिन्यांत मोरोपंतांनीं त्र्यंबकचा किल्ला घेतला. दाऊदखानाच्या फौजेंत असलेल्या भीमसेन सक्सेना यानं ही हकीकत फारशींत लिहून ठेवली आहे.

यांतली मेख लक्षांत घ्या. मोंगलांचे हेर चुकले नव्हते. चूक झाली ती खबर मिळाल्यावरच्या घाईंत. खबर तपासत बसावं तर वेळ जातो, आणि न तपासतां धांवावं तर माणूस गोत्यांत येतो. हेरगिरीचा सारा पेच एवढाच, आणि आपला खेळही याच एका पेचावर उभा करायचा. तलवारबाजी त्यांत थोडी असली तरी चालेल. पण हा पेच ढिला पडला, तर खेळाची नुसती गप्पाटप्पांची बैठक होईल.

आतां मांडणी. जागा सातपूर. आज सातपूर म्हटलं कीं कारखान्यांचे भोंगे आठवतात. पण नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या वाटेवरचा हा गांव. नाशिकवर तेव्हां मोंगलांचा अंमल होता आणि दप्तरांत शहराचं नांव गुलशनाबाद होतं. त्र्यंबकचा किल्लाही अजून मोंगलांकडेच. दक्षिणेला पांडवलेण्यांचा डोंगर, उत्तरेला दिंडोरी आणि वणीची वाट. लढाईच्या आधीचे दोन दिवस आपली पात्रं सातपुरांत उतरलीं आहेत असं समजायचं. त्यांच्यापुढं एकच प्रश्न : नाशिककडून कोंकणांत उतरायची वाट मोकळी आहे, का मोंगलांची शिबंदी ती अडवायला बाहेर पडते आहे? लढाई खरी आहे. सातपुरची ही बैठक आपण रचलेली आहे. हें पहिल्याच वाक्याला मुलांना सांगून टाका.

पात्रं अशीं घ्या, कीं ज्यांना कुणी अडवीत नाहीं. नाथपंथी जोगी : त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधि, तेव्हां या वाटेवर जोग्याचं नवल कुणाला वाटावं? पहाटे दारोदार भविष्य सांगत जाणारा पिंगळा. बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवणारा लमाण. त्याला छावणींत उघड वाट असते. औषधाची झोळी घेतलेला वैदू. विडे विकणारी तांबोळीण. तिच्या दुकानावर शिपाई थांबतात आणि बोलतात. प्रत्येकाच्या कागदावर चारच ओळी लिहायच्या : वेश कोणता, कला कोणती, कुठं शिरकाव होतो, आणि कुठं पितळ उघडं पडेल. ही चौथी ओळ विसरूं नका. जोग्याला कुणी पंथाची खूण विचारली तर? लमाणाला बैलाचं दुखणं ओळखतां आलं नाहीं तर? खेळाला रंग चढतो तो याच ओळीनं.

शिवाजीमहाराजांच्या जासुदांचे नाईक बहिर्जी जाधव यांचं नांव सभासदाच्या बखरींत आहे; ती बखर १६९७ सालीं जिंजीस लिहिली गेली. त्यांच्या वेशांतरांच्या ज्या गोष्टी आपण ऐकतों, त्यांतल्या बऱ्याच लोकांच्या तोंडीं मागाहून वाढल्या. म्हणून बहिर्जींना खेळांत पात्र करूं नये. त्यांचा निरोप यावा, तेवढं पुरे.

काम साधलं कीं फसलं हें ठरवायला सहा नाणीं घ्या. कवड्याही चालतात, पण कवडी दोन्ही अंगांनीं सारखी पडत नाहीं. साध्या कामाला तीन किंवा अधिक छाप पडाव्या. चौसष्टपैकीं बेचाळीस वेळां तसं होतं. अवघड कामाला चार किंवा अधिक. तें चौसष्टपैकीं बावीस वेळां साधतं. हें गणित वरच्या वर्गांतल्या मुलांकडूनच करून घ्या. मात्र मुलानं युक्ति चांगली काढली तर नाणीं टाकायलाच लावूं नका. युक्तीला नशिबाच्या हातीं देणं बरं नव्हे.

वेळ मोजायला वाटींत बारा हरभरे ठेवा. कुठं जाणं, कुणाशीं बोलणं, ऐकलेलं तपासणं, प्रत्येक कामाला एक हरभरा बाहेर. सातपुराहून दिंडोरी, वणी असा निरोप घाटापर्यंत पोंचवायला शेवटचे चार हरभरे लागतात. म्हणजे हातांत उरले आठ. हे आठ हरभरे मुलांच्या डोळ्यांसमोर हवेत. वाटी रिकामी होतांना दिसली कीं मग आवाज आपोआप खालीं येतात.

आतां खबरा. सूत्रधारानं आधींच तीन लिहून ठेवाव्या. एक खरी, एक शिळी, एक मुद्दाम पेरलेली. उदाहरणार्थ, नाशिकच्या बाजारांत कुणीतरी घोड्यांची चंदी दुप्पट भावानं उचलतो आहे. त्र्यंबकच्या वाटेवर चौकी बसली आहे. आणि रात्रीं पांडवलेण्यांच्या डोंगरावर उजेड हालतो. कोणती कोणत्या जातीची हें कागदावर लिहून कागद घडी करून ठेवा, आणि खेळ चालूं असतां तो बदलूं नका. मुलांनीं बुद्धि लढवून गांठ सोडवली आणि सूत्रधारानं गांठच हालवली, तर पुन्हां कुणी विश्वास ठेवणार नाहीं.

एखादा प्रसंग कसा चालतो पाहा. सूत्रधार म्हणतो, "चंदीचा भाव वाढलाय." लमाण म्हणतो, "मी माझं धान्य विकायला नेतों, आणि मोजून घेणारा कोण तें बघतों." एक हरभरा बाहेर. "मोजून घेणारा किल्ल्याचा कारकून आहे. पण तो तुम्हांला विचारतो, लमाणा, तांडा कुठं उतरलाय?" आतां लमाणाच्या कपाळाला घाम. तांबोळीण मध्यें पडून कारकुनापुढं विडा करते. चंदी किल्ल्याकडे जाते, म्हणजे शिबंदी आंत बसणार. का ही हूल आहे? तपासायचं, का धांवायचं?

राहिला मंत्रतंत्राचा भाग. डोंगरावरचा तो उजेड. गांवकरी म्हणतील भूत आहे, कुणी म्हणेल जोग्याची सिद्धि. सूत्रधारानं नाहीं म्हणूं नये. त्या काळचे लोक तसंच मानीत. पण त्याच्या घडीच्या कागदावर कारण मात्र लिहिलेलं असावं : जोग्याची धुनी, गुराख्यांची शेकोटी, नाहींतर मोंगलांची खूण. जें पात्र हरभरा खर्चून डोंगर चढेल त्याला तें कळेल. जें चढणार नाहीं त्याला भुतावर निभवावं लागेल. सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनीं १६६४ सालीं आपल्या कंपनीला लिहिलं होतं, कीं लोकवार्तेनं शिवाजीला पंख लावले आहेत, कारण एकाच वेळीं तो अनेक ठिकाणीं असल्याच्या बातम्या येतात. पंख नव्हते, होती वाटांची माहिती, वेग आणि पक्क्या खबरा. ज्याला आंतली यंत्रणा दिसत नाहीं त्याला ती जादू वाटते. हेर त्या भीतीचा फायदा घेतो, आणि चांगला हेर स्वतः तिला बळी पडत नाहीं.

इथं शिक्षकांनीं दोन गोष्टी कटाक्षानं पाळाव्या. पहिली, खेळांत कुठल्याही बाईला चेटकीण किंवा डाकीण ठरवूं नये, अगदीं गंमतीनंही नाहीं. असल्या संशयापायीं खेड्यापाड्यांतल्या बायकांना मार बसले आहेत, गांव सोडावे लागले आहेत. २०१३ सालीं महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला आणि करणीचा आळ घेऊन माणसाला छळणं हा गुन्हा ठरला. वर्गांतली थट्टा संध्याकाळीं एखाद्या म्हातारीच्या दारांत जाऊन पोंचते, हें विसरून चालणार नाहीं. दुसरी, शत्रूला जात-धर्माचा चेहरा देऊं नये. ही लढाई लिहून ठेवणारा भीमसेन कायस्थ होता आणि मोंगलांच्या चाकरींत होता. त्या काळीं माणसं कुणाच्या मिठाला जागलीं हें बघावं.

वाटी रिकामी झाली कीं खेळ संपला. मग घडीचा कागद उघडा. मुलांनीं काय निरोप पाठवला आणि खरं काय होतं तें सर्वांदेखत वाचा. त्यानंतर फळ्यावर तीन रकाने आंखा : इतिहासांत खरोखर घडलेलं, आपण रचलेलं, आणि ऐकलं पण तपासलं नाहीं असं. आजच्या खेळांतली प्रत्येक गोष्ट मुलांनींच उठून आपापल्या रकान्यांत लिहावी. पहिल्या वेळीं तिसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो, कारण ऐकलेलं सारं मुलं खरंच धरून चालतात. चार-पांच बैठकी झाल्या कीं तो भरूं लागतो. मग बाजारांत, चावडीवर किंवा हातांतल्या मोबाईलवर एखादी खबर आली, कीं तींच मुलं विचारूं लागतात, "हें कुणी पाहिलं? कधीं? आणि तपासायला आपल्याकडे किती हरभरे आहेत?"