‘शिकायला जुनीच बरी’ म्हणणाऱ्यांसाठी

अठरावा वाढदिवस झाला की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात घरोघरी एक संवाद ठरलेला. लेक म्हणते, ‘बाबा, गाडी!’ बाबा म्हणतात, ‘बघू.’ आणि ज्यांना कुणी विचारलेलं नसतं असे सोसायटीतले एक काका निकाल देऊन मोकळे होतात: ‘शिकायला जुनीच घ्या हो. ठोकली तरी जीव जळत नाही.’

काकांचा खिशाचा हिशोब बरोबर आहे, जिवाचा चुकला. घरात गाडी ठोकण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाची? नवशिक्याची. मग घरातली सगळ्यात तकलादू गाडी नेमकी त्याच्याच हातात का? बंपर गेला तर बंपर येतो, जीव येत नाही. म्हणून एमएच-०५ पाटीच्या सर्व पालकांसाठी हा थोडा खमंग, थोडा झणझणीत ऐवज.

रंग नंतर, तारीख आधी

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की आपला पहिला प्रश्न ‘किती चालली?’ आणि दुसरा ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ खरा प्रश्न ‘बनली कधी?’ हा आहे. १ जुलै २०१९ ही तारीख पाठ करून ठेवा. या दिवसापासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस त्याआधी तीन महिने, एप्रिलमध्ये सक्तीचं झालं होतं. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्याच नव्या गाड्यांत यायला मात्र २०२१ संपावं लागलं.

म्हणजे २०१८ची ‘एकदम टकाटक, सिंगल ओनर’ बेस मॉडेल गाडी कितीही चकचकीत असली तरी तिच्या स्टीअरिंगमध्ये हॉर्नशिवाय काहीच नसण्याची शक्यता आहे. २०२२ची जरा खरचटलेली गाडी तिच्यापेक्षा बरी. आणि नोंदणीच्या तारखेवर जाऊ नका. आरसी बुकात बनावटीचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, बोट तिथे ठेवा.

पाच गाड्या, पाच भोपळे

२०१४च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे! गंमत पुढे आहे. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसवून पुन्हा आपटली, तर चार तारे मिळाले. नाव तेच, कंपनी तीच. म्हणून दलाल ‘ही गाडी लय सेफ आहे’ म्हणाला की विचारायचं: कुठलं वर्ष, कुठलं व्हेरियंट?

पाच ताऱ्यांची पहिली भारतीय गाडी यायला डिसेंबर २०१८ उजाडला. ती नेक्सॉन. जानेवारी २०२०मध्ये अल्ट्रोझ आणि एक्सयूव्ही ३०० या दोघींनीही पाच तारे कमावले. मारुतीच्या घरात पाचवा तारा यायला नोव्हेंबर २०२४ लागला, नव्या डिझायरच्या निमित्ताने. आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी १ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला देतात. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे एखाद्या गाडीचे तारे सापडलेच नाहीत तर त्याचा अर्थ पास असा लावू नका.

शेजारी बनलेली फ्रेंच बाई

हे अनेकांना माहीत नसतं: नव्वदच्या दशकात कल्याणजवळ फ्रेंच गाडी तयार होत होती. पद्मिनीवाल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुजो कंपनीशी हातमिळवणी केली आणि ‘पुजो ३०९’ आपल्या शेजारी बनू लागली. संसार फार टिकला नाही. कुणाच्या गॅरेजमध्ये एखादी उरली असेल तर जरूर जपा, रविवारी पुसा, फोटो काढा. लेकीच्या हातात किल्ली मात्र दुसऱ्या गाडीची द्या.

उल्हास नदीत न्हालेली गाडी

आता खास आपला, म्हणजे बदलापूरकरांचा विषय. २६ जुलै २००५चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला उल्हास पुन्हा पसरली आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. गाडीतली माणसं टीव्हीवर दिसली. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कार मात्र कुणी दाखवल्या नाहीत. पुरात भिजलेल्या गाड्या पुढे जातात कुठे? धुऊन, वाळवून, अत्तर मारून बाजारात.

आता हे वाचा आणि लक्षात ठेवा. एअरबॅग कधी फुटायची हे ठरवणारा छोटा संगणक बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधे, अगदी खाली, जमिनीला लागून बसवलेला असतो. गुडघाभर पाणी आत शिरलं की तो आधी भिजतो. इंजिन दुरुस्त होतं, एसी गार हवा देतो, गाडी चालतेही मस्त. ऐन वेळी एअरबॅग उघडेल की नाही, हे मात्र देवाला माहीत.

ओळखायचं कसं? मेकॅनिकसुद्धा लागत नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटापर्यंत ओढून बाहेर काढा. धुणारा माणूस बेल्टचा वरचा हातभर भाग धुतो. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ तशीच राहते. सीट पुढे सरकवून खालचे बोल्ट बघा, गंज आहे का. स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात गाळ आहे का. हेडलाइटच्या काचेत आतून दव साचलंय का. आणि गाडीत शिरताच लिंबाच्या सेंटचा भपकारा आला तर आधी काचा खाली घ्या. एवढा सेंट उगाच कुणी मारत नाही.

शेवटची परीक्षा फुकट आणि काही सेकंदांची. किल्ली फिरवून इग्निशन चालू करा, इंजिन नको. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड. मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण बिघाड लपवायला कुणीतरी दिव्याचंच तोंड बंद केलेलं असू शकतं. असा सौदा तिथेच सोडा, चहासुद्धा घेऊ नका.

डोळ्याची पापणी लवायच्या आत

एअरबॅग साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण इतक्या जोरात येणाऱ्या पिशवीसमोर बेल्ट न लावता, स्टीअरिंगला चिकटून बसणं म्हणजे तिचाच मार खाणं. बेल्ट आणि एअरबॅग ही जोडी आहे. एकटी एअरबॅग अर्धंच काम करते.

तरीही आपल्या बाजारात बेल्टच्या खाचेत खुपसायची, ‘टिंग-टिंग’ बंद करणारी क्लिप मिळते. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारपेठांना अशा क्लिपा काढून टाकायला सांगितलं. किती जाहिराती काढल्या गेल्या? १३,११८! गाडी घेताना खाचेत अशी क्लिप सापडली तर जुन्या मालकाच्या सवयींबद्दल सगळं कळलं समजा.

आणि मागची सीट? ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. आपल्या पोराच्या मागच्या सीटवर कॉलेजची तीन टाळकी बसणार आहेत, तेव्हा मागचे तिन्ही बेल्ट बाहेर निघतात का आणि खाचेत बसतात का, हे बघून घ्या. पुष्कळ गाड्यांत ते सीटकव्हरखाली गाडलेले असतात. सीटकव्हरवरून आठवलं: साइड एअरबॅग सीटच्या कडेला असेल तर जाडजूड कव्हर तिची वाटच अडवतं.

दणकट दिसणारा दांडा

पुढे लोखंडी बुलगार्ड लावलं की गाडी एकदम ‘भाऊ’ दिसते. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने चुरगळून शोषायचा असतो. दांडा तो जोर सरळ चासीला नेऊन देतो, सेन्सरचा अंदाज बिघडतो, आणि समोर पायी चालणाऱ्याचं काय होतं ते वेगळंच. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना अशा दांड्यांवर कारवाई करायला सांगितलं होतं. तरी कल्याण-बदलापूर रस्त्यावर पाच मिनिटं उभे राहा आणि मोजा.

स्कूटी म्हणजे बिनपरवान्याची, हा गैरसमज

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, हे खरं. पण फक्त बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. पोरांच्या हातात असलेल्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. म्हणजे ‘स्कूटीच तर आहे’ हे वाक्य कायद्याला मान्य नाही. कारला अठरा पूर्ण हवीतच.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही! मे २०२४च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती ती पोर्शे, करोडोंच्या घरातली, आणि तिची नोंदणी १,७५८ रुपयांच्या फीवाचून अडलेली होती. दोन तरुण जीव गेले. या प्रकारात चटपटीत काहीही नाही, म्हणून पुढे जाऊ.

न्यू जर्सीतली मावसबहीण

‘अमेरिकेत तर सतराव्या वर्षीच गाडी देतात’ असं पोरगं न्यू जर्सीतल्या मावसबहिणीकडे बोट दाखवून ऐकवतं. बरोबर, पण पूर्ण ऐका. न्यू जर्सीत नवशिक्या मुलांना रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही. आईबाप सोबत नसतील तर साधारणपणे एकच मित्र बसवता येतो. आणि २०१०पासून नंबरप्लेटवर लाल चमकती पट्टी लावावी लागते, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं.

आपल्याकडे अशी मधली पायरीच नाही. कल्याण आरटीओची चाचणी सोमवारी पास झाली की मंगळवारी रात्री एक वाजता, चार मित्रांना घेऊन, पावसात माळशेज घाटात जायला कायद्याची आडकाठी नाही. तो नियम घरातच करावा लागतो. पहिलं वर्षभर रात्री नाही, मित्र एकच, माळशेज आणि कोंडेश्वर आईबाबांसोबत. पोरगं फुगेल. फुगू द्या.

शिकाऊ परवान्याचा काळ तरी नीट वापरा. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. तोवर शेजारी परवानाधारक हवा आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. अक्षराची उंचीसुद्धा ठरलेली आहे: किमान १० सेंटिमीटर. वहीच्या पानावर पेनाने काढलेला ‘एल’ चालत नाही. विम्याच्या पॉलिसीतही या नियमाचा उल्लेख असतो, दावा करायच्या वेळी तो बरोबर सापडतो.

पाच सेकंदांत चार डबे

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. मेसेज वाचायला पाच सेकंद मान खाली घातली की ८३ मीटर गेले. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे डोळे मिटून चार डबे पार! वेग ४०वरून ८०वर नेला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तुमच्या २०१९नंतरच्या गाडीत ८०च्या वर इशारा वाजेल आणि १२०च्या वर तो थांबणारच नाही. तो आवाज बंद करून देणारे सापडतात. त्यांच्या दारात जाऊ नका.

टायरवरचे चार आकडे

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. ‘टायर नवीनच आहेत साहेब’ ऐकलं की खाली वाका आणि वाचा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर पावसाळ्यात रस्ता धरणार नाही, आणि आपल्या पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

मग घ्यायची कुठली?

उल्हासनगरच्या गोल मैदानापासून नेताजी चौकापर्यंत एकदा संध्याकाळी गाडी नेऊन बघा. भलीमोठी एसयूव्ही नवशिक्याला तिथे रडवते. मग ती लोकांच्या आरशांना रडवते. उलट बदलापूरहून कटई नाक्याकडे निघालात की मागून डंपर येतो आणि अगदी चिमुकली गाडी नकोशी वाटते. म्हणून माझा कौल मधल्या आकाराला: २०२२ किंवा नंतर बनलेली, दोन किंवा जास्त एअरबॅग असलेली, तारे तपासलेली आणि घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा असलेली हॅचबॅक, सेदान किंवा छोटी एसयूव्ही. इंजिन साधं. टर्बो नको, पोराने कितीही हट्ट केला तरी. बजेट तोकडं असेल तर सनरूफ सोडा, अलॉय व्हील सोडा, वर्ष आणि एअरबॅग सोडू नका.

आणि सौदा ठरला तरी किल्ली लगेच पोराच्या हातात देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर करायला टाका, कर्ज होतं तर फॉर्म ३५ मागून घ्या, आणि विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या.